आधी भोक मोजा, मग कमोड आणा

(म्हसवड येथे झालेल्या महासंघाच्या सभेत एका गटाच्या सचिव ताई बोलल्या, तो मजकूर.)



मागच्या सभेत संडास दुरुस्तीच्या कर्जाचा विषय निघाला, तेव्हा मी म्हटलं होतं, आमच्या घरचं काय झालं ते पुढच्या वेळी सांगते. विषय संडासाचा आहे म्हणून लाजू नका. गुड मॉर्निंग पथकात आपल्यातल्याच कितीतरी जणी भल्या पहाटे फिरल्यात.

आमचा संडास स्वच्छ भारतचा. सरकारचे १२ हजार आणि वर घरचे घालून बांधला. आत तीन बाय चार फूट जागा, मागं दोन शोषखड्डे. काम चांगलं झालं होतं, तक्रार काही नव्हती. पण आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्याच म्हणते, त्यांचे दोन्ही गुडघे गेले. बसता यायचं, उठता येईना. मी हाताला धरून उठवायची. त्यांना त्याची लाज वाटायची. मग एक दिवस माझ्या ध्यानात आलं, आत्या रात्रीच्या जेवेनातच. पाणीपण घोटभर. विचारलं तर म्हणायच्या, "भूक न्हाई गं." भूक होती. रात्री उठायला लागू नये म्हणून उपाशी झोपत होत्या. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. ते मला फार लागलं.

पहिल्यांदा मधे भोक असलेली खुर्ची आणली, जुन्या भांड्यावर ठेवायची. तुम्हीही आधी हेच करून बघा. कमी पैशात होतं, फोडाफोडी नाही. भिंतीला धरायला एक लोखंडी दांडी बसवली तर पुष्कळ बायांचं तेवढ्यावर भागतं. आमच्यात मात्र पाय ठेवायच्या जागा उंच होत्या, खुर्ची डुगडुगायची. आत्या भ्यायच्या. मग गटातून कर्ज घेतलं आणि कमोड बसवायचं ठरवलं.

चूक इथं झाली. मी आणि आमचे हे, दोघं दुकानात गेलो, बरा दिसला तो कमोड घेतला आणि टेम्पोत घालून आणला. गवंड्यानं टेप लावली आणि म्हणाला, "ताई, हा बसत नाही."

का बसत नाही, ते नीट ऐका. कमोड दोन जातीचे असतात. एकाचं तोंड खाली जमिनीत जातं, त्याला एस ट्रॅप म्हणतात. दुसऱ्याचं तोंड मागं भिंतीकडं, तो पी ट्रॅप. एस ट्रॅपमध्ये मागच्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. दुकानात ९ इंची आणि १२ इंची मिळतात, ४ इंचीपण येतात. आम्ही आणलेला ९ इंची होता. आणि आमचं भोक कुठं? भिंतीपासून १८ इंचांवर! खाली बसायचं भांडं खोलीच्या मधोमध बसवतात, म्हणून भोकपण मधेच. आपल्या गावांतल्या बहुतेक संडासांत असंच असणार.

गवंडी म्हणाला, कमोड पुढं ओढून भोकावर बसवतो, मागं विटांचा कट्टा घालतो. मी हिशोब केला. कमोड २६ इंच लांब. मागं ९ इंच सोडले तर पुढं दारापर्यंत १३ इंच उरतात. आत्यांचे गुडघे दारालाच टेकले असते. दुसरा म्हणाला, दोन वाकणं घालून जमिनीतून पाईप मागं घेतो. पण लागोपाठ दोन वाकणं आणि उतार कमी, म्हणजे आज ना उद्या तुंबणार. खड्ड्याकडं जाणाऱ्या पाइपाला दहा फुटाला एक फूट उतार असला तर घाण अडत नाही. वाकणांत तो उतार खाऊन टाकायचा नाही.

शेवटी ध्यानात आलं की आमचे खड्डे तर मागच्या भिंतीपलीकडंच आहेत. जमिनीतून जायचं कशाला? पी ट्रॅपचा कमोड घेतला. त्याचं तोंड फरशीपासून साधारण ७ इंचांवर येतं. तेवढ्या उंचीवर भिंतीला भोक पाडलं, चार इंची पाईप बाहेर काढला. बाहेर उकरून जुना पाईप कापला आणि नवा त्यालाच तिरप्या वाकणांनी जोडला. सरळ काटकोनाचं एल्बो घालू दिलं नाही. आत कमोड भिंतीला लागून बसला, पुढं वीसेक इंच मोकळे राहिले. पहिला कमोड दुकानदारानं परत घेतला नाही. तो अजून गोठ्यात पडलाय, पैसे गेले ते गेले.

अजून एक गोष्ट, ही माझ्या शेजारणीकडं घडली. जुन्या भांड्याखाली वाकडा ट्रॅप असतो, गवंडी त्याला कोंबडा म्हणतात. त्यात पाणी साचून राहतं म्हणून वास वर येत नाही. कमोडमध्ये तो आतच घडवलेला असतो. तिच्या गवंड्यानं जुना कोंबडा तसाच ठेवला आणि वर कमोड बसवला. दोन ट्रॅप झाले. गुडगुड आवाज, पाणी जाता जाईना. महिनाभरात सगळं परत फोडलं. तेव्हा जुना कोंबडा काढलेला डोळ्यांनी बघा, मगच फरशी घालू द्या. आणि सिमेंट ओतायच्या आधी दोन बादल्या पाणी टाकून बघा. माप घ्यायचं ते फरशी बसलेल्या भिंतीपासून. टाइल्स नंतर लावणार असाल तर त्यांची जाडी धरा.

पाण्याचंपण सांगते, कारण आपल्या माणात ते सांगायलाच पाहिजे. जुन्या उताराच्या भांड्याला दीड-दोन लिटर पाण्यात भागायचं. कमोडला सहाएक लिटर लागतं. म्हणून आम्ही वरची टाकी बसवलीच नाही. कपड्याचं शेवटचं खळबळलेलं पाणी पिंपात साठवतो आणि बादलीनं एकदम ओततो. टँकरच्या दिवसांत आम्ही बाकीचे हात राखूनच वापरतो. जास्त पाणी गेलं तर खड्डापण लवकर भरतो, त्यामुळे चेंबर उघडून बघायची सवय ठेवलीय.

झारखंडात बायका गवंडीकाम शिकल्या, संडास बांधले, त्यांना तिकडं रानी मिस्त्री म्हणतात. आमच्या ह्यांना सांगितलं तर हसले. पण दुसऱ्या वेळेला टेप माझ्याच हातात होती.

आत्या आता रात्री भाकरी खातात. परवा म्हणाल्या, कालवणात मीठ कमी झालं.

कुणाला कमोड घ्यायचा असेल तर आधी तीन मापं कागदावर लिहून आणा: मागच्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत, भोकापासून दारापर्यंत, आणि खड्डे कोणत्या बाजूला किती लांब. बाजारच्या दिवशी मी इथंच असते. टेप नसेल तर माझी घेऊन जा, फक्त परत आणून द्या.