थुंकायची वाटी



पत्रिकेत माझा विषय 'बालकांचा आहार' असा छापलाय. प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं तुम्हाला पाठ आहेत. नसतील तर पुढच्या रांगेतल्या आज्यांना विचारा. (हशा) मी आज बोलणार आहे एका रिकाम्या स्टीलच्या वाटीबद्दल.

सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला. दिवाळीत चिवड्यातला शेंगदाणा त्याच्या घशात अडकला. काकांनी पाठीत थापट्या मारल्या, दाणा बाहेर आला, फराळ पुढे सुरू झाला. मुलाचा तिथेच थांबला. आधी दाणे सुटले, मग पोळी, मग भाताचं शीतसुद्धा. डिसेंबरात स्वारी दूध आणि गाळलेल्या वरणावर आलेली. आई रडतेय, वडील दरडावताहेत, आजी दृष्ट काढताहेत. धास्तीनं तोंड कोरडं पडतं, कोरड्या तोंडात घास घोळत राहतो, आणि पोराला वाटतं, बघा, अडकतोच आहे!

ही नाटकं नव्हेत. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या निदानसूचीत याला नाव मिळालं, 'आर्फिड'. कुणाला भूकच लागत नाही, कुणाला वास-स्पर्श सोसत नाही, कुणाला असा धसका बसतो. बारीक व्हायची हौस यात नसते.

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या चिमुरड्याची सशाची भीती घालवल्याचं लिहून ठेवलंय. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणायचा. खाऊच्या जोरावर ससा आपलासा झाला. आमची पंचाईत अशी की इथे ससाच ताटात बसलेला!

म्हणून वाटी. मी म्हटलं, एक शीत जिभेवर ठेव, नको वाटलं की यात थुंक. कुणी बोलणार नाही. आजी ताडकन म्हणाल्या, "अन्न थुंकायचं? आमच्या घरात?" म्हटलं, आजी, पाप माझ्या नावावर लिहा. (हशा) बाहेर पडायचं दार उघडं दिसलं की माणूस खोलीत बसतो, एवढंच माझं शास्त्र. शीत, मग मऊ भात, मग दुधात कुस्करलेली पोळी. एकेका पायरीचा त्याला कंटाळा येईपर्यंत तिथेच राहायचं. पुढे कधी जायचं ते तो ठरवणार. मोठ्यांनी आपापलं जेवायचं आणि त्याच्या ताटाकडे बघायचं नाही. हे सर्वांत अवघड. वडिलांना जमायला तीन आठवडे लागले.

आता कुणी म्हणेल, डॉक्टर लाड शिकवताहेत. तसं नाही हो! जेवायची वेळ मोडायची नाही, प्रत्येकाला वेगळा स्वयंपाक नाही. आणि आधी घसा तपासून घ्यायचा. वजन उतरत असेल तर डॉक्टरांकडे जायला थांबायचं नाही. पाणीही जाईना झालं तर वाटीबिटी ठेवा बाजूला आणि थेट रुग्णालय गाठा.

चिठ्ठी आली वाटतं. दोन मिनिटं? अहो, मी अजून पोळीवरच आहे! इडली, बिस्किट, सुकी पोळी आता तुम्हीच समजून घ्या. मार्चपर्यंत डबा शाळेत जाऊ लागला. अख्खा दाणा तो अजून खात नाही, दाण्याची चटणी मात्र मागून घेतो.

काय म्हणता? वाटीचं काय झालं? आजींनी ती पुन्हा मांडणीवर चढू दिली नाही. मोरीत साबण ठेवायला घेतलीय.