आरोग्याचा पहिला पाठ पाण्याचा

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



पहिली ते चौथीच्या लेकरांना 'स्वच्छ राहा' असं सांगणं सोपं आहे. पण आपल्या समाजाने हा शब्द टोमणा म्हणून फार ऐकला. पाणवठ्याला शिवू द्यायचं नाही आणि वर घाणेरडे म्हणायचं! म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्याच बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत स्वच्छतेचाही आग्रह धरला. म्हणजे हक्क आणि सवय, दोन्ही हवेत.

आपल्या जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात कित्येक गावे टँकरची वाट पाहतात. तेव्हा मळक्या कपड्यातल्या पोराला वर्गात उभं करून लाजवू नका. आधी विचारा, घरी पाणी आहे का?

मग कारण दाखवा. पोराच्या हाताला तेल आणि कोळशाची पूड लावा. नुसत्या पाण्याने डाग जात नाही, साबणाने जातो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की लेकरू विसरत नाही. पाणी कमी असेल तर बाटलीच्या बुचाला भोकं पाडा. तेवढ्या धारेत हात धुऊन होतात. जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर, एवढं पक्कं करा.

मोठ्या मुलांना जलसंजीवनी शिकवा. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त नको. जुलाबात रक्त दिसलं किंवा लेकरू पाणी पिईना, तर लगेच दवाखाना.

मंठा, परतूर, अंबड, घनसावंगीकडची लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात. दप्तर गावात राहिलं तरी हा पाठ त्यांच्यासोबत कोपीवर गेला पाहिजे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, कुणी विचारीत नव्हतं. तथागतांनी त्याला दोष दिला नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं. आधी पाणी, मग उपदेश!

शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात. येत्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारू या: लेकरांना हात धुवायला पाणी आणि साबण आहे का?

नमो बुद्धाय! जय भीम!