न हलणारा पलंग

पलंगाच्या दुकानात गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘गादी कुठल्या मापाची?’ तीन बाय सहा, पाच बाय साडेसहा, जे असेल ते सांगायचं, की तो त्या मापाचे चार पलंग दाखवतो. झोपणारा माणूस केवढा आहे, त्याचं वय काय, रात्रीतून तो किती वेळा उठतो, हे कुणी विचारत नाही. पलंग झोपण्यासाठी असतो असं आपण धरून चालतो. पण घरात म्हातारं माणूस असेल तर पलंग उठण्यासाठीही असतो, किंबहुना उठण्यासाठीच जास्त असतो.

माझी अम्मी एक्क्याऐंशी वर्षांची. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि ती गावाहून सूसला आमच्याकडे राहायला आली. आयुष्यभर जमिनीवर नाहीतर बाजेवर झोपलेली बाई. आता जमीन बंद. बाजही बंद, कारण सुंभ सैल पडला की माणूस खोलगटात जातो, मग त्याला ओढून वर काढावं लागतं. दुकानातले पलंग पाहिले. काही फॅशनपायी इतके बुटके, की त्यावर बसणं म्हणजे जमिनीवरच बसणं. बाकीचे पेटीसारखे, खाली गाद्यागिरद्या ठेवायची सोय असलेले. श्रोतेहो, आत्ता खुर्चीवर बसला असाल तर एक करून पाहा. पावलं पुढे लांब ठेवून उठायचा प्रयत्न करा. जमत नाही. आधी टाचा मागे, आपल्या अंगाखाली घ्याव्या लागतात. पेटीच्या पलंगाला टाच मागे न्यायला जागाच नसते. तरण्या माणसाच्या हे लक्षात येत नाही, तो झटक्यासरशी उठतो.

म्हणून पलंग घरीच करायचा ठरवला. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. रंधा हातात धरला नव्हता. शेजारच्या गल्लीत एक वयस्कर मिस्त्री राहतात. सूसहून पाषाणकडे जाताना सुतारवाडी लागते, पण मला सुतार भेटला तो सूसमध्येच! ते म्हणाले, “कविराज, करवत मी देतो, पण कापायचं तुम्ही. मी नुसता बसून चहा पिणार.” आणि त्यांनी शब्द पाळला.

आमचं सूस 2021 सालच्या जूनअखेरीस पुणे महापालिकेत गेलं. त्याच्या कितीतरी आधीपासून इथे जुनी घरं उतरत होती आणि टॉवर चढत होते. अशाच एका उतरलेल्या घराच्या सागवानी तुळया मी घेतल्या. जुनं लाकूड स्वस्त पडतं म्हणून नव्हे. ताजं लाकूड वाळताना आकसतं, आणि तेही रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे आज घट्ट बसलेला सांधा वर्षाने खुळखुळतो, फळी पिळवटते. जुन्या तुळईचं हे सगळं होऊन गेलेलं असतं. फक्त कापण्याआधी लोहचुंबक फिरवून घ्यावा. आत मोडलेला खिळा असला तर करवतीचे दात गेलेच म्हणून समजा.

मग माप. मिस्त्री म्हणाले, “आधी अम्मीला मोजा.” तिला खुर्चीवर बसवलं. जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंत भरलं 16 इंच. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडी काटकोनापेक्षा जास्त वाकू नये, म्हणून बैठक गुडघ्यापेक्षा थोडी उंच हवी, असं व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं. म्हणजे 18 इंच. गादी चार इंचांची, बसल्यावर दबून तीन राहते. मग गादीखालच्या पट्ट्यांचा माथा आला 15 इंचांवर. सगळा पलंग या एका आकड्यावरून निघाला. लांबी-रुंदी काय, ती गादी सांगतेच.

सुतारांच्या मोजणीत इंचाचे आठ भाग असतात, एकेका भागाला ‘सूत’ म्हणतात. ‘दोन सूत सोडा’, ‘सूतभर घासा’ अशी त्यांची भाषा. पलंगाच्या पायाला खूर आणि खुरांना जोडणाऱ्या आडव्या लाकडांना गात म्हणतात. मी कवी असूनही हा शब्द विसरत चाललो होतो.

आता पलंग मजबूत कशाने होतो? माझी समजूत होती, जाड लाकडाने. मिस्त्रींनी एक फळी दोन विटांवर आधी आडवी ठेवली, मग उभी, आणि म्हणाले, दाबून बघा. आडवी फळी वाकली, उभी जागची हलेना. उभी उंची दुप्पट केली की ताठपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. म्हणून लांब गात दीड इंच जाडीचे पण सहा इंच उंच घेतले. तरी पलंग मोडतो तो वजनाने क्वचितच. तो मोडतो डुलण्याने. माणूस कोपऱ्यावर बसतो, खुराला धरून उठतो, कूस बदलतो. प्रत्येक वेळी सांध्याला पीळ बसतो. खिळे आणि स्क्रू हा पीळ फार दिवस सोसत नाहीत, भोक हळूहळू मोठं होतं. सांधा लाकडाचाच लाकडात हवा.

त्याला कुसू म्हणतात. गाताचं टोक दोन्ही बाजूंनी कापून मधे जीभ ठेवायची, आणि खुरात तिच्याच मापाची खाच पाडायची. जिभेची जाडी लाकडाच्या एक तृतीयांश, म्हणजे माझ्या गाताला अर्धा इंच, चार सूत. जीभ जाड केली तर खाचेच्या भिंती पातळ होतात, बारीक केली तर जीभच तुटते. खाच पटाशीने पाडायची, दोन्ही बाजूंनी मध्याकडे. मी टाकाऊ तुकड्यांवर दोन रविवार नुसत्या खाचाच पाडल्या. कुसू हाताने दाबलं की निम्मं आत जावं आणि उरलेलं मोगरीच्या हलक्या ठोक्याने, ही परीक्षा. आणखी एक गोष्ट. आखूड गात आणि लांब गात एकाच उंचीवर आले तर दोन्ही खाचा आत भेटतात, खूर पोकळ होतो. म्हणून आखूड गात लांब गाताच्या खाली घेतले.

होमरच्या ‘ओडिसी’त एक पलंग आहे. ओडिसिअसने तो जमिनीत मुळं असलेल्या ऑलिव्हच्या झाडाच्या खोडापासून केलेला. वीस वर्षांनी परतलेल्या नवऱ्याची पारख करायला पेनेलोपी दासीला सांगते, तो पलंग बाहेर काढ. तो भडकतो, कारण तो पलंग हलवताच येत नाही, आणि हे गुपित फक्त त्यालाच ठाऊक असणार. सुंदर प्रसंग आहे. पण ओडिसिअसला लिफ्टमधून पलंग न्यायचा नव्हता. आम्हा भाड्याने राहणाऱ्यांचा पलंग वापरताना हलता कामा नये आणि घर बदलताना सुटा झाला पाहिजे. त्यावर जुना तोडगा आहे. उशाकडची आणि पायथ्याकडची चौकट फेविकॉल लावून कायमची जोडायची. लांब गाताचं कुसू मात्र खुरातून आरपार बाहेर काढायचं, त्याला भोक पाडायचं आणि त्यात लाकडी पाचर ठोकायची. पाचर आत सरकते तसा सांधा आवळतो. सोडवायचा झाला की खालून एक ठोका.

पट्ट्या तीन इंची, मधे दोन इंचांची फट. आतली लांबी 73 इंच, त्यात 15 पट्ट्या आणि 14 फटी बरोबर बसल्या. फटी हव्यातच. मुळशीकडच्या पावसात खालून हवा न लागलेल्या गादीला बुरशीचा वास येतो.

पायथ्याचा, अम्मीच्या बाजूचा खूर मुद्दाम 32 इंच उंच ठेवून माथा गोल घासला, मुठीत धरता यावा असा. वर धरून ओढलं की खूर तरफेसारखा सगळा जोर सांध्यावर टाकतो, म्हणून त्या एका खाचेला मी पूर्ण दिवस दिला. पलंग मांडताना गंमत झाली. मिस्त्रींना झोपणाऱ्याचे पाय दक्षिणेला नकोत, अम्मीला पश्चिमेला नकोत. उरल्या दोन दिशा; खोलीच्या दाराने त्यातली एक निवडली.

अम्मी पहिल्यांदा बसली ती अगदी कडेला. खुराला धरून तिने तो दोनदा हलवून पाहिला. “हलता नै ना रे?” नाही म्हटलं, तरी तिने तिसऱ्यांदा हलवला. मग टाचा मागे घेतल्या आणि उठून उभी राहिली. माझा पुढे केलेला हात तिने बाजूला सारला. त्या रात्रीपासून ती मला हाक मारत नाही. मला मात्र अजून दोन वाजता जाग येते.

करून पाहणाऱ्यांसाठी दोन सूचना. लाकडाला जवसाचं तेल लावलंत तर ते फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आपोआप तापतं आणि पेटूही शकतं. बाहेर मोकळं पसरून वाळवा. आणि पाचरी पावसाळ्यात फुगून घट्ट बसतात, हवा कोरडी झाली की सैलावतात. दिवाळीच्या सुमारास चारही पाचरी मोगरीने एकदा हलकेच ठोकून घ्या.