गाठ दिसली म्हणजे कॅन्सर पसरला का?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलं, पुण्यात कोड लिहितो, मूळचा चिखलीचा. पण मागच्या वर्षी मोठ्या काकांना गुदाशयाचा कॅन्सर निघाला (सहा महिने सगळे मूळव्याधच म्हणत होते) आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये एक ओळ होती: लिम्फ नोड्स वाढलेले. काकांनी एकच विचारलं, "गाठी म्हंजे पसरला काय रे?"

तर ऐका. गुदाशयाभोवती चरबीचं वेष्टण असतं, त्यात या ग्रंथी प्रत्येकालाच असतात. कॅन्सर लसिकेच्या वाटेने तिथे पोचू शकतो, हे खरं. पण ग्रंथी साध्या सुजेनेही फुगते. आणि उलटंही होतं, अगदी 4 मिलिमीटरच्या ग्रंथीतही कॅन्सर असू शकतो. आमच्या भाषेत, नुसती साइजची इफ-कंडिशन इथे चालत नाही. मर्यादा खाली आणा, खोटे अलार्म वाढतात. वर न्या, खरे निसटतात.

म्हणून एसगार या युरोपातल्या रेडिऑलॉजिस्टच्या संस्थेने 2016 च्या बैठकीत आकारासोबत रूपही धरलं. आखूड बाजू 9 मिमी किंवा जास्त असेल तर संशयित. 5 ते 8 मिमी असेल तर तीनपैकी दोन खुणा हव्यात: गोल आकार, वेडीवाकडी कड, आतला पोत एकसारखा नसणं. 5 पेक्षा लहान असेल तर तिन्ही.

एवढं करूनही? 2012 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा ज्यांच्यात खरंच पसरला होता अशा शंभरातले साधारण 77 एमआरआयने पकडले. पसरला नव्हता अशा शंभरातल्या 29 जणांवर उगाच शिक्का बसला. हा शिक्का स्वस्त नाही बरं का, त्यावरून ऑपरेशनच्या आधी रेडिएशन द्यायचं का हे ठरू शकतं.

त्याच एमआरआयमधली दुसरी गोष्ट जास्त भरवशाची आहे: गाठ त्या वेष्टणाच्या बाहेरच्या पडद्यापासून किती लांब आहे. 1 मिमीच्या आत आली की सर्जन सावध होतात. रिपोर्ट हातात आला की आपण ग्रंथींवर बोट ठेवतो, आणि ही ओळ वाचतच नाही.

काकांच्या फिल्म दुसरीकडे पुन्हा वाचल्या. ग्रंथी 6 मिमी, लांबट, कड गुळगुळीत, म्हणजे संशयित नाही. घरात पेढे आणायची तयारी सुरू. पण गाठ पडद्याला जवळजवळ टेकली होती, त्यामुळे रेडिएशन लागलंच. ग्रंथींचा शेवटचा निकाल तर ऑपरेशननंतरच, त्या काढून, निदान 12 तरी, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर.

मलकापूर नाहीतर शेगावहून गाडी धरून कोणाला मुंबईला नेत असाल, तर नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका. एमआरआयची सीडी मागून घ्या. आणि ती चालते का, हे निघायच्या आधी एखाद्या कॉम्प्युटरवर टाकून बघा.