आईस कळावे



गणपतीच्या आधी दारावरची बेल वाजते. तीन-चार पोरं उभी असतात, एकाच्या हातात पावतीपुस्तक. आपण जरा कुरकुरतो, 'मागच्या वर्षीएवढीच लिहा' म्हणतो आणि नोट काढून देतो. समजा, हीच पोरं उद्या म्हणाली, 'काका, सिनेमा काढतोय, वर्गणी द्या', तर? आपण बहुधा दार लावून घेऊ. पण १९८४ च्या सुमारास केरळात अशी पोरं खरोखर दारोदार हिंडत होती, आणि लोक त्यांना पैसे देत होते. त्यांच्यात एक दाढीवाला, विस्कटलेला माणूस असायचा. त्याचं नाव जॉन अब्रहाम. हिंदी पडद्यावरचा नट नव्हे हं, हा मल्याळी दिग्दर्शक.

जॉनचा जन्म १९३७ चा. शिकला अर्थशास्त्र आणि चिकटला आयुर्विम्याच्या नोकरीत, तिकडे बळ्ळारीला. मुलीच्या बापाने डोळे मिटून होकार द्यावा अशी ही नोकरी. ती सोडून तो पुण्यात आला. लॉ कॉलेज रस्त्यावर, प्रभातच्या जुन्या स्टुडिओत, फिल्म इन्स्टिट्यूट सुरू होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. तिथे बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक शिकवायला आले होते. घटकांची मास्तरकी वर्गापेक्षा आवारातल्या आंब्याखाली अधिक रंगायची म्हणतात. मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन हे त्यांचे लाडके चेले. बाहेर पडल्यावर जॉनने मणी कौलच्या 'उसकी रोटी'ला हातभार लावला आणि १९७२ साली स्वतःचा पहिला सिनेमा केला. त्याबद्दल मी विशेष काही बोलत नाही, कारण खरा जॉन दिसतो तो १९७७ च्या तमिळ सिनेमात.

'अग्रहारत्तिल कळुदै', म्हणजे अग्रहारातलं गाढव. ब्राह्मण आळीतला एक प्राध्यापक आई मेलेलं गाढवाचं पिल्लू घरात आणतो, आणि एक मुकी मोलकरीण ते सांभाळते. आळीत काही वाईट घडलं की खापर गाढवावर. शेवटी लोक त्याला मारून टाकतात. मग मात्र चमत्कार घडू लागल्याची बोलवा उठते आणि तेच गाढव पूजेला लागतं. तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणारे एकनाथ ज्या मुलखात झाले, तिथल्या आपल्याला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार घेऊन गेलं म्हणून थिएटरवाला दार उघडत नाही. निर्माता, वितरक, थिएटर या तीन दारांशी ताटकळण्याचा जॉनला कंटाळा आला असावा. त्याने चौथं दार ठोठावलं, ते प्रेक्षकाचं.

कोळिकोडला मित्रांनी मिळून 'ओडेसा' नावाचा गट काढला. नाव आइझेन्स्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेम्किन' या सिनेमातल्या शहराचं. हे लोक गावोगाव जायचे, नाटुकली करायचे आणि सोळा मिलिमीटरच्या प्रोजेक्टरवर चॅप्लिनचा 'द किड' दाखवायचे. निवडही पाहा! मूकपट, म्हणजे भाषेची अडचण नाही. एक पोर खिडकीवर दगड मारून पळतं, आणि मागून चार्ली पाठीवर काचा बांधून येतो, तावदान बसवून द्यायला. आख्खं गाव खदखदून हसत असणार. अंधारात प्रोजेक्टरची करकर, उजेडाच्या झोतात नाचणारे किडे, आणि मग झोळी पुढे. ज्याला जमेल तेवढं त्याने द्यावं.

इथे कुणी म्हणेल, यात नवं काय? 'मंथन' सिनेमासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिलेच होते की. दिले होते, आणि ती गोष्ट थोरच आहे. पण तिथे मागे भक्कम सहकारी संघ होता. जॉनच्या मागे फक्त एक प्रोजेक्टर आणि त्याची जीभ.

या वर्गणीतून १९८६ साली 'अम्मा अरियान' उभा राहिला. या शब्दांचा अर्थ, आईला कळावं म्हणून. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' असायचं ना, त्यातलंच हे कळावे. दिल्लीला निघालेल्या पुरुषन नावाच्या तरुणाला वायनाडात, वाटेतच, गळफास घेतलेल्या एका मुलाचं प्रेत दिसतं. चेहरा ओळखीचा वाटतो. चौकशी करता करता कळतं, हा हरी, तबला वाजवायचा. मग दिल्ली राहते बाजूला. हरीची आई कोचीला, तिला सांगायला कुणीतरी जायला हवं. वाटेत एकेक मित्र सामील होतो आणि एकट्याची वाट जथ्याची होते. यात संप आहेत, मोर्चे आहेत, दगडखाणी आहेत. कुठे गोष्ट संपते आणि कुठे वार्तापट सुरू होतो ते कळू नये असं सगळं. मधे मधे सिनेमा रेंगाळतो, हेही सांगायला हवं. पण निरोप सांगायला निघालेल्यांची पावलं जड असायचीच. पोरं निघताना आपापल्या आयांना सांगून निघतात, आणि त्या बायकांचे चेहरे कॅमेरा घाई न करता पाहतो. हिरो-हिरॉइनच्या चेहऱ्यांपुढे असा थांबणारा कॅमेरा आपण पुष्कळ पाहिला, पण उंबऱ्यात उभ्या असलेल्या आईपुढे तो क्वचितच थांबतो.

जॉनच्या दारूचे आणि भटकंतीचे किस्से केरळात भरपूर आहेत. त्या किश्श्यांत त्याचं काम बुडून जातं, म्हणून मी त्यांना आज बगल दिली. पंधराएक वर्षांत त्याच्या नावावर चारच मोठे सिनेमे.

३१ मे १९८७ ला कोळिकोडमध्ये एका इमारतीवरून पडून तो गेला, वयाच्या पन्नाशीच्या आतच. 'अम्मा अरियान'चे डबे त्यानंतरही गावोगाव फिरत राहिले. ओडेसाचं धोरण जॉन असतानाच ठरलेलं होतं, तिकीट लावायचं नाही. ज्याने झोळीत रुपया टाकला होता तो आला, पुढच्या रांगेत मांडी घालून बसला आणि आपला सिनेमा बघून घरी गेला.