रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी
(पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्राणिशास्त्रातील नव्या शोधांविषयी मी बोलावे, अशी आज्ञा झाली. मी बी. ए., बी. एड. मनुष्य, विषय इतिहास. विज्ञानाला शिक्षक नव्हते म्हणून एक वर्ष ते तास माझ्याकडे आले आणि तेव्हापासून या वाचनाची गोडी लागली. शोधांची यादी न वाचता मी एकाच पक्ष्याची हकीकत सांगतो.

पिंगळा आपण सर्वांनी पाहिला आहे. संध्याकाळी जुन्या भिंतीच्या भोकातून डोके काढतो, आणि घरातील बुजुर्ग ‘मनहूस’ म्हणून त्याला हाकलतात. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच की तो उंदीर खातो! त्याचाच एक दुर्मीळ भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात काही पक्षी मिळविले. १८८४ नंतर मात्र तो दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेले सात नमुने, एवढीच त्याची ओळख उरली.

सातांपैकी एकावर चिठ्ठी होती : १९१४, मांडवी, गुजरात. संग्राहक कर्नल माइनर्ट्झहागेन. हे मोठे नामांकित गृहस्थ. १९३७ साली आपल्या डॉ. सालिम अलींबरोबर अफगाणिस्तानच्या पक्षी मोहिमेत होते. अशा माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? तिच्यावर विसंबून लोक मांडवीकडे शोधत राहिले आणि हात हलवीत परतले.

अमेरिकेतील पामेला रासमुसेन या बाईंनी तो नमुना क्ष-किरणांखाली तपासला. पेंढा भरण्याची मूळ ढब डेव्हिडसनची निघाली! कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातून पक्षी चोरून, तो पुन्हा भरून, वर आपली चिठ्ठी लावली होती. बाईंनी मांडवी सोडून दिली आणि ज्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या त्यांच्या मागे निघाल्या. पूर्वेकडील जुन्या जागी काही मिळाले नाही. मग त्या खानदेशात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळ, त्यांचे सोबती बेन किंग यांना उघड्या फांदीवर एक पिंगळा बसलेला दिसला. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय दणकट. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा सापडला, तोही भर दिवसा, कारण हा घुबडांच्या जातीचा असून दिवसा शिकार करतो.

पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पाहणी करून तोरणमाळ, मेळघाट येथेही तो असल्याचे दाखविले. मुलींच्या पालकांनी फराह इश्तियाक हे नाव ध्यानात ठेवावे. २०१४ साली तर तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात दिसला. मात्र जुनी झाडे तुटत आहेत, आणि त्यांच्याच ढोलीत याचे घरटे असते.

आता माझी स्वतःची गोष्ट. त्या विज्ञानाच्या वर्षी मी मुलांना महिनाभर रोजचे तापमान लिहावयास सांगितले होते. वह्या आल्या त्या सर्व सारख्या, चुकासुद्धा सारख्या. तपासणी जवळ आली होती. मी सह्या केल्या. कर्नलसाहेबांची हकीकत वाचली तेव्हा प्रथम त्या सह्या आठवल्या. मुलांनी एका वहीवरून उतरविले, ही त्यांची चूक. परंतु ते चालते, हे मीच शिकविले.

हल्ली मी मुलांना सलीम अली सरोवराकडे नेतो. ज्यांच्या नावाचे हे तळे, त्यांनी निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली होती, हे मुलांना ठाऊक नसते. पहिल्या दिवशी एका मुलीने वहीत लिहिले, “धुके होते. काही दिसले नाही.” शेजारणीच्या वहीत नऊ पक्षी होते! मी पहिलीला पूर्ण गुण दिले. तिच्या वालिदांनी शाळेत येऊन विचारले, काहीच न लिहिता गुण कसे? त्यांनाही हीच हकीकत सांगितली. ते जरा वेळ बसले, चहा घेतला आणि म्हणाले, पुढच्या वेळी मीही येईन.

येत्या रविवारी फज्रनंतर आम्ही पुन्हा जाणार आहोत. तळ्याच्या आत शिरावयाचे नाही, बाहेरच्या रस्त्यावरूनच पाहू. दुर्बीण एकच आहे, पाळीपाळीने मिळेल. वही आणि पेन्सिल प्रत्येकाने स्वतःची आणावी.