तपासणीआधीचा निकाल
(मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. सरकारी फायलींत हयात घालविलेला साधा पदवीधर आहे. तरीही हा विषय निवडला, कारण आपल्या घरांत तो दबक्या आवाजातच बोलला जातो. गावाकडून फोन आला की ‘पाळणा केव्हा हलणार?’ हा प्रश्न मात्र चुकत नाही.

‘टेस्ट ट्यूब बेबी’ हे नाव फसवे आहे. मूल नळीत वाढत नाही. स्त्रीबीज व शुक्राणू यांचे मीलन एरवी गर्भनलिकेत होते. ती वाट बंद असेल किंवा शुक्राणू अल्प असतील, तर तेवढी भेट शरीराबाहेर घडवितात. संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाऐवजी अनेक बीजे पक्व करतात, सोनोग्राफीत पाहून सुईने ती काढतात, उथळ बशीत फलन घडवितात आणि तीन ते पाच दिवसांचा भ्रूण गर्भाशयात सोडतात. सुमारे दोन आठवड्यांनी रक्ततपासणीत फलश्रुती कळते. प्रत्येक प्रयत्न सफल होत नाही. स्त्रीचे वय वाढते तसे यश घटते.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात लुईझ ब्राउन जन्मली. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून कोलकात्यात एक कन्या जन्मली. तिचा भ्रूण तर गोठवून ठेवलेला होता. राज्य सरकारच्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला. पुढे त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली. जून १९८१ मध्ये त्यांनी जीवनयात्रा संपविली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेली कन्या देशातील पहिली मानली गेली. त्या यशाचे एक शिल्पकार डॉ. आनंद कुमार यांनीच मुखोपाध्यायांची टिपणे अभ्यासून १९९७ साली पहिलेपणाचा मान त्यांना दिला. हे मनाचे मोठेपण विरळाच!

समितीच्या अहवालांवर सह्या करणे हा माझ्याही नोकरीचा भाग. म्हणून हा इतिहास मला बोचतो. पण अशी समिती आपण घरातही बसवितो. मूल नाही म्हटले की तपासणीआधीच निकाल सुनेविरुद्ध लागतो. वस्तुतः कारण पुष्कळदा पुरुषाकडे असते आणि त्याची पहिली तपासणी तुलनेने सोपी असते. ती आधी व्हावी. उपचार २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या केंद्रातच घ्यावेत. आणि ज्यांना यश येणार नाही, त्यांच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण कोणी चुकवू नये, एवढीच प्रार्थना.